चार सेकंदांची खडखड

शनिवारी सकाळी ९ वाजून ४२ मिनिटांनी, खंबाटकी घाटाच्या चढावर, आमच्या पंधरा वर्षं जुन्या डिझेल गाडीच्या इंजिनात सहा व्हॉल्व्ह वाकले. वाकायला एक सेकंदही लागला नसेल. पण त्या सेकंदाकडे जाणारा रस्ता चांगला लांबलचक होता आणि त्यावर थांबायला जागोजागी सोय होती. मी एकाही ठिकाणी थांबलो नाही. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. चूक तिची नव्हतीच.

सहा महिने आधी

ऑगस्टात सर्व्हिसिंगच्या वेळी आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरकडे स्टेथोस्कोप असतो, यांच्याकडे हे. दोन-तीन जागा बदलून ऐकलं आणि म्हणाले, "टायमिंग चेन बोलायला लागलीये, साहेब. किट बदलून टाकू." किट ९,२०० रुपयांचं, मजुरी ६,०००, ऑइल-फिल्टर वेगळं.

मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती. गाडी घेताना विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "हिला बेल्ट नाही, चेन आहे. लाइफटाइम!" आमची आधीची गाडी मारुती ८००. तिला टायमिंग बेल्ट होता, आणि तो ठरावीक किलोमीटरला बदलायचा हे आमच्या घरात गॅस सिलिंडरचा नंबर लावण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. त्याआधी वडिलांची पद्मिनी. तिला चेन होती, पण तिचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खाली, ब्लॉकमध्ये. चेन आखूडशी, कुरबुर न करणारी. पुढे कॅम वर, हेडमध्ये गेले, तशी चेनही लांब झाली, तिला वळणं आली, धरून ठेवायला प्लॅस्टिकचे गाईड आले. मी मात्र पद्मिनीच्या भरवशावर या गाडीकडे बघत होतो. लाइफटाइम म्हणजे नेमकं कुणाचं, हे तेव्हा विचारलं नाही. चेनचं आयुष्य ऑइलवर अवलंबून असतं, आणि दहा हजार किलोमीटरला बदलायचं ऑइल मी दोन वेळा तरी सोळा हजारांवर नेलं होतं.

दिवाळी गेली. संक्रांतही गेली.

शुक्रवार, सकाळी ६:४०. उरले २७ तास २ मिनिटं

किल्ली फिरवली. इंजिन लगेच लागलं आणि पाठोपाठ खडखड सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात सुटे खिळे घालून कुणी हलवावेत तशी. एक, दोन, तीन, चार. थांबली. मग नेहमीचा डिझेलचा गुरगुराट.

या चार सेकंदांनीच मला फसवलं. वाढत जाणाऱ्या आवाजाची माणूस दखल घेतो. हा आपोआप थांबायचा, आणि पुढे दिवसभर गाडी अशी शहाण्यासारखी चालायची की सकाळी आपल्याला भास झाला असावा असं वाटायचं.

आत काय चाललं होतं ते आता मला तोंडपाठ आहे. खाली फिरणारा, पिस्टनला जोडलेला क्रँक आणि वर फिरणारा कॅम यांना बांधून ठेवते ती टायमिंग चेन. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच व्हायचा, आणि तोही नेमक्या क्षणी, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आत व्हॉल्व्ह बाजूला सरलेला असतो. चेन ताणते असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. कड्यांमधल्या पिना आणि बुश झिजतात. समजा चेनला १२० कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा विसावा भाग झिजला. डोळ्याला दिसणार नाही, नखाला लागणार नाही. पण १२० सांधे मिळून चेन सहा मिलिमीटर लांब झालेली असते.

ही सैल बाजू दाबून धरायला टेन्शनर असतो. त्यात एक छोटा दट्ट्या, आणि त्याला पुढे ढकलायला इंजिनच्याच ऑइलचं प्रेशर. रात्रभर गाडी उभी राहिली की ते ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी सेल्फ मारला की पंप ऑइल वर पोचवेपर्यंत चेन मोकळी असते. कव्हरवर आणि गाईडवर आपटत राहते. माझे चार सेकंद ते हेच. प्रेशर आलं की दट्ट्या पुढे सरकतो, आवाज बंद. चेन लांब झालेली तशीच.

त्या सकाळी मी रेडिओ लावला आणि ऑफिसला गेलो.

शुक्रवार, दुपारी १२:५०. उरले २० तास ५२ मिनिटं

अर्धी सुट्टी टाकून पुण्याच्या लक्ष्मी रोडला आलो होतो. दुसऱ्या दिवशी कराडला भाचीचं लग्न, मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा, आणि मी मुलीचा मामा. फॉल-पिको होऊन आलेली साडी घेऊन गाडी सुरू केली तर डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा. बंद करून पुन्हा सुरू केली. दिवा तिथंच.

शुक्रवार, दुपारी २:३०. उरले १९ तास १२ मिनिटं

मिस्त्रींकडे गेलो असतो तर त्यांनी गाडी ठेवून घेतली असती. हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो नाही. रस्त्यात एका दुकानाबाहेर 'स्कॅनिंग करून मिळेल' अशी पाटी होती. तिथल्या पोरानं स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, मोबाइलवर बघितलं. "पी ००१६, काका. सेन्सरचा घोळ असतो. जुन्या गाड्यांना येतं. उडवून देऊ?"

"उडव."

दोनशे रुपये.

या कोडचा अर्थ सांगतो. क्रँकवर एक सेन्सर असतो, कॅमवर दुसरा. क्रँक अमुक ठिकाणी असताना कॅम तमुक ठिकाणी असायला हवा, हे गाडीचा कॉम्प्युटर सतत ताडून बघत असतो. दोघांचं गणित जुळेना झालं की हा कोड येतो. सेन्सरचा, वायरिंगचा दोष असू शकतो, ते पोर अगदीच खोटं बोलत नव्हतं. पण जुनी गाडी, सकाळची खडखड आणि हा कोड हे तिन्ही एका ओळीत ठेवल्यावर दुसरं काय निघणार? गाडीनं स्वतःच्या दुखण्याचं नाव लिहून हातात दिलं होतं. मी पैसे मोजून ते खोडून घेतलं. दिवा विझला, मला बरं वाटलं.

शुक्रवार, संध्याकाळी ६:१५. उरले १५ तास २७ मिनिटं

तरी मन खात होतं म्हणून मिस्त्रींना फोन केला. कोडचा आकडा सांगितला. पलीकडे थोडा वेळ ग्राइंडरचाच आवाज.

"साहेब, गाडी हलवू नका. आहे तिथं राहू द्या. सोमवारी नाना पेठेतून किट आणतो, मंगळवारी संध्याकाळी गाडी तुमच्या हातात."

"अहो, उद्या कराडला लग्न आहे. भाचीचं."

"मग एसटीनं जा."

"रुखवताचं सामान आहे हो डिकीभर. आईचे गुडघे..."

"मग निदान हळू न्या. काटा पंचवीसशेच्या वर जाऊ देऊ नका, घाटात ओढू नका. आणि माझं ऐकाल तर नेऊच नका."

तीन वाक्यांतलं मी मधलं घेतलं. घरी सांगताना तर त्याचंही "मिस्त्री म्हणाले, हळू न्या" एवढंच उरलं. ही म्हणाली, "अहो, मग भाड्याची गाडी बघू या ना." भाड्याच्या गाडीवाल्यानं जाऊन-येऊन साडेसहा हजार सांगितले. दारात गाडी असताना साडेसहा हजार! मी फोन ठेवला.

शुक्रवार, रात्री ११:००. उरले १० तास ४२ मिनिटं

रुखवत बांधून झालं. सुपारीचे नवरा-नवरी, काडेपेटीच्या काड्यांचं तुळशीवृंदावन, सप्तपदीची सात ताटं. हिनं महिनाभर रात्री जागून केलेलं. एकेक डिकीत नीट रचलं, मध्ये जुन्या चादरी कोंबल्या. मग टॉर्च घेऊन बॉनेट उघडलं. ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून ओढली. खालच्या खुणेच्याही खाली, आणि डांबरासारखं काळं. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी धरते. फार दिवस तेच ऑइल फिरत राहिलं तर ती काजळी पिना-बुशांमध्ये बारीक पॉलिश पेपरचं काम करते. शिवाय ऑइल कमी म्हणजे टेन्शनरचा जोरही कमी.

घरात ठेवलेला लिटरचा डबा ओतला. देवाला नारळ फोडल्यासारखं समाधान झालं आणि झोपलो.

शनिवार, सकाळी ७:२०. उरले २ तास २२ मिनिटं

खडखड चार सेकंदांवर थांबली नाही. मी मनात मोजत होतो. पाच, सहा... नऊ.

मागच्या सीटवर आई. पदर सावरत म्हणाली, "काय वाजतंय रे?"

"काही नाही, थंडीचं होतं."

"माझ्या मशीनचा पट्टा सैल झाला की असंच व्हायचं. टाका सुटायचा." आईनं तीस वर्षं घरी ब्लाउज शिवले. चामड्याचा तो गोल पट्टा सैल पडला की ती दोन अंगुळं कापून टाकायची, नवं भोक पाडून तारेचा आकडा अडकवायची आणि मगच पुढचा टाका घालायची. अर्धवट शिवण तशीच सोडून. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.

मी पहिला गिअर टाकला.

शनिवार, सकाळी ८:४५. उरली ५७ मिनिटं

नवले पुलाला गर्दी, खेड शिवापूरला गर्दी. लग्नसराईचा शनिवार. शिरवळच्या पुढं चहाला थांबलो. हॉटेलासमोरचं मातीचं पटांगण चढाचं. गाडीचं नाक वर करून लावली. हँडब्रेक जरा सैलच होता, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेलं केलं: इंजिन बंद, चढावर पहिला गिअर. पाय काढला तशी गाडी वीतभर मागं सरकली आणि मग गिअरनं धरली.

गिअरनं धरली म्हणजे कुणी धरली? इंजिननं. गाडी मागं सरकताना चाकांनी क्रँकला उलटं फिरवलं. चेन नेहमी ज्या दिशेनं ओढली जाते त्याच्या विरुद्ध. जी बाजू एरवी ताठ असते ती सैल पडली आणि सगळी ओढ टेन्शनरच्या बाजूला आली. इंजिन बंद, ऑइलचं प्रेशर नाही, दट्ट्याला पाठबळ नाही. तो मुकाट्यानं आत गेला. चांगल्या चेनला याचं काही वाटत नाही, वर्षानुवर्षं आपण सगळे असंच लावतो. लांब झालेल्या चेनला मात्र एवढी ढील पुरते. ती दातेरी चाकाच्या दातावर चढते आणि पलीकडच्या खाचेत बसते. क्रँकच्या चाकाला २० दात धरले तर एक दात म्हणजे १८ अंश.

आवाज आला होता का? मला आठवत नाही. मी साखर कमी घालायला सांगत होतो.

शनिवार, सकाळी ९:१८. उरली २४ मिनिटं

सेल्फ मारला. इंजिन या वेळी जरा रडत लागलं. खडखड नाही, नुसतं एकदा 'टक'. इंजिन गरम होतं म्हणून असेल, मी मनात म्हटलं. पण गाडी थरथरत होती. चहा प्यायलेला कागदी कप मी गिअरशेजारी ठेवला होता, तो आपोआप फिरत फिरत कडेला आला. हायवेला लागल्यावर पायाखाली जोर कमी. पाचव्यात ओढेना, चौथ्यात आणली. काल विझवलेला दिवा पुन्हा लागला.

हिनं दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. लग्नाला निघालेल्या बायकोचं ते गप्प बसणं मला नीट ऐकू आलं.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. एका दातानं आमच्या इंजिनाचं हेड शाबूत होतं. खंडाळा गाव आलं, डाव्या हाताला दोन गॅरेजं दिसली. घड्याळ बघितलं आणि पुढं गेलो.

शनिवार, सकाळी ९:३३. उरली ९ मिनिटं

साताऱ्याकडून येणाऱ्यांना बोगदा होता, जाणाऱ्यांना घाट. चढाला लागलो. तिसरा गिअर, काटा दोन हजारांवर, डावी लेन. पुढं लोखंडी सळया भरलेला ट्रक रांगत होता. त्याच्या मागं राहिलो असतो तर मिस्त्रींचं मधलं वाक्य तरी पाळलं गेलं असतं. पण गाडी मुळात दम टाकत होती, तिसऱ्यात गुदमरून बंद पडेल असं वाटायला लागलं.

शनिवार, सकाळी ९:४२

दुसऱ्यात टाकली आणि पाय दाबला. काटा पंचवीसशे ओलांडून तीन हजारांवर गेला. ट्रकच्या बाजूला निघालो तोच पुढच्या बसचे ब्रेक लाइट लागले. पाय झटकन उचलला.

तीन हजारांवर क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो, कॅम २५. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, मिटतो. जोर लावताना ताठ असलेली चेन पाय उचलताच सैल होते, आणि तिची लाट गाईडवर जाऊन आपटते. आमचा गाईड त्याच आपटण्यांनी आधीच तडकलेला. तो मोडला. चेनला धरायला काही उरलं नाही, ती आणखी दात सोडत गेली. डिझेलमध्ये पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जागा उरते ती मिलिमीटरच्या आसपास. त्या जागेत उघडा व्हॉल्व्ह असणं म्हणजे रेल्वे फाटकात उभं राहणं.

आत बसलेल्या आम्हाला ऐकू आलं ते एवढंच: स्टीलचं ताट फरशीवर पडावं तसा एक आवाज. मग शांतता, आणि टायरखालच्या खडीची करकर.

त्यानंतर

इंजिन मेलं की ब्रेकमागची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते. पहिल्या दाबातच गाडी थांबली, हे नशीब. स्टिअरिंग जड झालेलं, मागं भरलेले ट्रक. सळयांच्या ट्रकचा क्लीनर उडी मारून आला आणि काही न विचारता त्यानं आमच्या मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला. त्याला मी नीट धन्यवादही दिले नाहीत, कारण मी तेव्हा शेवटचा मूर्खपणा करण्यात गुंतलो होतो. मी पुन्हा सेल्फ मारला. एकदा नव्हे, तीनदा. नेहमीचं घुर्र-घुर्र नव्हतं. रिकाम्या मिक्सरसारखा सुसाट, बिनवजनाचा आवाज. सेल्फ असा मोकळा फिरला की समजावं, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन उरलेलं नाही, व्हॉल्व्ह मिटत नाहीयेत. त्यानंतरची प्रत्येक फिरकी वाकलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर पुन्हा ठोकते.

कराडलाच निघालेल्या एका वऱ्हाडाच्या गाडीनं आई, ही आणि रुखवत यांना घेतलं. वृंदावन हिच्या मांडीवर. मी क्रेनची वाट बघत खामजाईच्या देवळापाशी बसलो. क्रेन बाराला आली, घाट उतरून, वळून, परतीच्या रस्त्याला लागली. १२ वाजून २७ मिनिटांनी मी क्रेनच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी होतो, कानाला फोन, पलीकडे मंगलाष्टकं. माझ्या जागी चुलत भाऊ मामा म्हणून उभा होता. "सावधान" असं ऐकू आलं आणि आम्ही बोगद्यात शिरलो. रेंज गेली. समर्थ रामदासांना तो शब्द वेळेवर ऐकू आला होता.

सोमवारी मिस्त्रींनी इंजिन उघडलं. मला काही बोलले नाहीत, नुसतं एकेक काढून फडक्यावर मांडत गेले. सोळापैकी सहा व्हॉल्व्ह केळीच्या घडासारखे एका बाजूला झुकलेले. तीन पिस्टनांच्या डोक्यावर नखानं कोरल्यासारख्या चंद्रकोरी. चार रॉकर तुटलेले. चेंबर उतरवला तेव्हा ऑइल पंपाच्या जाळीवर तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे. त्यातले काही ताजे मोडलेले, काहींच्या कडा गुळगुळीत झालेल्या, म्हणजे खूप आधीपासून पडलेले.

मग त्यांनी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगली. दोन्ही एकसारख्याच दिसत होत्या. खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं, जुनी साडेतीन मिलिमीटर खाली लोंबत होती. वेटोळं दुपदरी, म्हणजे एकूण सात.

हेडचं काम, व्हॉल्व्ह, रॉकर, पिस्टन, गॅस्केट, लेथवाला, क्रेन असं सगळं मिळून बिल ६३,७०० रुपये झालं. चेन किट ९,२००चंच होतं. सहा महिन्यांत त्याचा भाव वाढला नव्हता.